गोठवलेला देह की संगणकातले मन?

ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण अर्ज आला. दुर्मीळ कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीला मृत्यूनंतर आपला देह गोठवून ठेवायचा होता. पुढे कधीतरी या आजारावर उपाय सापडेल, तेव्हा आपल्याला जागे केले जाईल, अशी तिची आशा होती. आईवडील विभक्त होते. आईचा पाठिंबा होता, वडिलांचा सुरुवातीला विरोध होता. न्या. पीटर जॅक्सन यांनी मुलीची रुग्णालयात जाऊन भेट घेतली आणि मृत्यूनंतर देहाचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार आईला दिला. काही दिवसांतच मुलगी गेली आणि तिचा देह अमेरिकेत नेण्यात आला. आपला निकाल म्हणजे या तंत्राच्या शास्त्रीय सत्यासत्यतेवरचा शिक्का नव्हे, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले होते.

न्यायालयाने बाजूला ठेवलेला तो प्रश्न आज पुन्हा विचारण्याजोगा झाला आहे. मधल्या काळात जर्मनीतील एका कंपनीने युरोपभर ही सेवा विकायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील होलब्रुक या गावातल्या केंद्रात मे २०२४ मध्ये तिथला पहिला देह ठेवला गेला. दुसरीकडे, माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि ‘माणसाचे मन संगणकात उतरवता येईल’ या जुन्या कल्पनेने पुन्हा उचल खाल्ली. मृत्यूवर मात करण्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या दोन वाटा. एक देहाची, तिला क्रायोनिक्स म्हणतात. दुसरी माहितीची, तिला माइंड अपलोडिंग म्हणतात. यातली कोणती अधिक शक्य कोटीतली, हा वाद हौशी मंडळींत वर्षानुवर्षे चालू आहे. सामान्य वाचकाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. या दोन वाटा सहसा एकत्र सांगितल्या जातात, पण त्या एकाच माणसाला एकाच वेळी घेता येत नाहीत. आणि कोणती घ्यायची, हे मृत्यूच्या दारातच ठरवावे लागते.

खडीसाखर आणि चिक्की

क्रायोनिक्सची कल्पना मांडली ती रॉबर्ट एटिंजर या अमेरिकी शिक्षकाने, १९६०च्या दशकाच्या आरंभी. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा देह कॅलिफोर्नियात गोठवण्यात आला. तो आजही ॲरिझोना राज्यातील ‘अल्कोर’ या संस्थेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेला आहे. स्वतः एटिंजर २०११ मध्ये वारले, तेव्हा त्यांचाही देह त्यांनी स्थापन केलेल्या मिशिगनमधील संस्थेत ठेवला गेला. आज जगभरात असे काही शे देह किंवा नुसती डोकी जपून ठेवलेली आहेत. यातला एकही माणूस परत आलेला नाही, आणि आज तरी त्यांना परत आणण्याचा प्रयत्नही कोणी करत नाही. संस्थांचे म्हणणे एवढेच की, आम्ही वेळ थांबवून ठेवतो, बाकीचे भविष्यातील विज्ञानाने पाहावे.

वेळ खरोखर थांबते का? उणे १९६ अंशांना रासायनिक क्रिया जवळपास थांबतात, हे खरे. तिथे शंभर वर्षे गेली काय किंवा एक दिवस गेला काय, फारसा फरक पडत नाही. अडचण आहे ती तिथवर जाण्याची आणि तिथून परत येण्याची. फ्रीजरमध्ये चुकून राहिलेला टोमॅटो बाहेर काढला की त्याचा लगदा होतो, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिले आहे. पाण्याचे बर्फ होताना स्फटिक तयार होतात, पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते, पटले फाटतात. माणसाच्या शरीराचा साठ टक्के भाग पाणी आहे. नुसते गोठवले तर आपलेही तेच होणार.

यावर उपाय निघाला तो ‘व्हिट्रिफिकेशन’चा, म्हणजे काचीकरणाचा. साखरेचा पाक सावकाश थंड होऊ दिला तर खडीसाखर होते, त्यात स्फटिक असतात. तोच पाक घट्ट करून झटकन थंड केला तर चिक्कीसारखा काचेगत पदार्थ होतो, त्यात स्फटिक नसतात. शरीरातील रक्त काढून त्या जागी गोठणरोधक द्रव्ये भरायची आणि वेगाने थंड करायचे, की बर्फ न होता सगळे काचेसारखे घट्ट होते. आयव्हीएफ उपचारांत भ्रूण याच तंत्राने ठेवले जातात. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तर १९७८ मध्येच गोठवलेल्या भ्रूणापासून बाळ जन्माला घातले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये जन्मलेल्या एका बाळाचा भ्रूण तीस वर्षांहून अधिक काळ गोठवलेला होता.

पण भ्रूण म्हणजे मोजक्या पेशींचा ठिपका. तो क्षणात थंड होतो, क्षणात गरम होतो. आकार वाढला की तीन अडचणी उभ्या राहतात. एक, गोठणरोधक द्रव्ये स्वतःच विषारी असतात आणि मोठ्या अवयवात ती सर्वत्र समान पोहोचवणे कठीण असते. दोन, बाहेरचा भाग आधी आणि आतला नंतर थंड होत असल्याने ताण पडतो आणि चिक्कीसारखेच तडे जातात. तीन, परत गरम करताना ते सावकाश झाले तर वाटेतच स्फटिक तयार होतात.

मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेले विज्ञान

या तिन्ही अडचणींवर प्रामाणिक काम चालू आहे, आणि ते क्रायोनिक्सच्या संस्थांपेक्षा अवयव प्रत्यारोपणाच्या प्रयोगशाळांत जास्त चालू आहे. अमेरिकेतील संशोधक ग्रेगरी फाही यांच्या गटाने सशाचे मूत्रपिंड काचीकरण करून, परत गरम करून त्याच प्राण्यांच्या जातीत बसवले. तो ससा त्या एका मूत्रपिंडावर ४८ दिवस जगला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील जॉन बिशॉफ आणि एरिक फिंगर यांच्या गटाने मोठी झेप घेतली. त्यांनी उंदरांची मूत्रपिंडे १०० दिवसांपर्यंत काचीकृत अवस्थेत ठेवली. रक्तवाहिन्यांत आधीच लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडलेले होते. चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात आणि अवयव आतून-बाहेरून एकसारखा गरम होतो. ही मूत्रपिंडे पाच उंदरांमध्ये बसवली गेली आणि महिनाभरात ती नीट काम करू लागली.

मेंदूच्या बाबतीतही छोटी पावले पडली आहेत. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेले मेंदूपेशींचे गोळे १८ महिने गोठवून पुन्हा वाढवून दाखवले. एका अपस्मारग्रस्त बालिकेच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या बारीक तुकड्यावरही हे तंत्र लागू पडले. त्याआधी २०१५ मध्ये, एका विशिष्ट वासाची सवय लावलेले सूक्ष्म कृमी गोठवून जागे केल्यावरही तो वास ‘लक्षात’ ठेवतात, असे दिसले होते. म्हणजे थंडीने आठवण पुसली जातेच असे नाही.

ही सगळी वार्ता आशादायक आहे, पण मापे लक्षात घ्यायला हवीत. उंदराचे मूत्रपिंड एक-दीड ग्रॅमचे. माणसाचे मूत्रपिंड सुमारे दीडशे ग्रॅमचे आणि मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. आजवर एकही सस्तन प्राणी, किंवा त्याचा अखंड मेंदू, अशा अतिशीत अवस्थेतून परत कार्यरत करता आलेला नाही. लंडनमध्ये १९५०च्या दशकात अंशतः गोठलेले हॅम्स्टर जगवले गेले होते, पण त्यांचे तापमान शून्याच्या जरासेच खाली गेले होते. उणे एक आणि उणे १९६ यांत फार मोठे अंतर आहे.

शिवाय प्रयोगशाळेतल्या मूत्रपिंडाला जे भाग्य लाभते, ते क्रायोनिक्सच्या ग्राहकाला लाभत नाही. मूत्रपिंड निरोगी प्राण्यातून, ठरल्या वेळी, ताजे काढलेले असते. माणसाला मात्र कायद्याने मृत घोषित केल्याशिवाय हात लावता येत नाही. रक्तपुरवठा थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. येल विद्यापीठात २०१९ मध्ये डुकरांच्या मेंदूंत मृत्यूनंतर चार तासांनी पेशींच्या काही क्रिया पुन्हा सुरू करून दाखवल्या गेल्या, त्यामुळे ही इजा समजत होतो त्यापेक्षा सावकाश होते हे कळले. पण त्या मेंदूंमध्ये जाणिवेची खूण ठरेल अशी एकत्रित विद्युत हालचाल मात्र दिसली नाही. म्हणजे भविष्यातील डॉक्टरला चार गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील: ज्या आजाराने माणूस गेला तो आजार, मृत्यूवेळची इजा, द्रव्यांचे विष आणि थंडीचे तडे. अब्जावधी पेशींची एकेक करून डागडुजी करणारी सूक्ष्म यंत्रे येतील, असे समर्थक म्हणतात. भौतिकशास्त्राचा कोणताही नियम त्याला आड येत नाही, हे खरे. पण अशा यंत्राचा कच्चा आराखडाही आज कोणाजवळ नाही.

तीनशे दोन पेशींचे कोडे

आता दुसरी वाट. माइंड अपलोडिंगचे समर्थक म्हणतात, देह दुरुस्त करण्याच्या फंदात पडूच नका. आठवणी, स्वभाव, कौशल्ये हे सगळे मेंदूतील चेतापेशींच्या जोडण्यांत साठवलेले असते. त्या जोडण्यांचा नकाशा काढा, तो संगणकावर चालवा, म्हणजे माणूस चालू होईल.

या वाटेवरची प्रगती मोजता येते, ही तिची जमेची बाजू. १९८६ मध्ये सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा पूर्ण झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या प्रौढ मादीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा आला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या आहेत. या नकाशावरून संगणकात बांधलेल्या साध्या प्रारूपाने, माशीला गोड चव लागली की कोणत्या पेशी जाग्या होऊन सोंड बाहेर येईल, हे बऱ्याच अंशी बरोबर सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्राच्या साधारण एक घन मिलिमीटर भागाचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात ५० कोटींहून अधिक जोडण्या मोजल्या गेल्या.

माणसापर्यंत किती अंतर आहे? हार्वर्ड आणि गूगल यांच्या संशोधकांनी मे २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा मांडला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा हा भाग. त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या. त्याची चित्रे साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. अख्ख्या मेंदूत असे किमान बारा लाख तुकडे बसतात. म्हणजे एका माणसाच्या मेंदूच्या चित्रांसाठी एक टेराबाइटच्या सुमारे १६८ कोटी हार्ड डिस्क लागतील. भारतातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिली तरी काही उरतील. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, माशीच्या सहा लाख पट.

साठवणुकीची जागा उद्या स्वस्त होईल, चित्रे काढण्याचा वेग वाढेल. खरे कोडे तिथे नाही. ते त्या ३०२ पेशींच्या कृमीत आहे. त्याचा नकाशा मिळून जवळजवळ चाळीस वर्षे झाली, तरी केवळ नकाशावरून तो कृमी पुढच्या क्षणी काय करेल, हे आजही पूर्णपणे सांगता येत नाही. कारण नकाशा रस्ते दाखवतो, रहदारी दाखवत नाही. कोणती जोडणी किती जोरकस, कोणती पेशी केव्हा कोणते रसायन सोडते, हे त्यातून थेट कळत नाही. २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी या कृमीची एकेक पेशी चेतवून संदेश कुठवर जातो ते मोजले. तेव्हा काही संदेश नकाशात न दिसणाऱ्या वाटांनी, पेशींभोवतीच्या द्रवात सोडलेल्या रेणूंमार्फत जातात, असे आढळले.

मोठ्या दाव्यांचा अनुभवही सावध करणारा आहे. हेन्री मार्करम यांनी २००९ मध्ये दहा वर्षांत मानवी मेंदूची संगणकीय प्रतिकृती करण्याची भाषा केली होती. त्यातून २०१३ मध्ये युरोपीय संघाचा महाप्रकल्प उभा राहिला आणि २०२३ मध्ये तो संपला. त्यातून उपयुक्त मेंदूनकाशे आणि साधने मिळाली, पण संगणकातला मानवी मेंदू मिळाला नाही.

मग शास्त्रज्ञांना काय वाटते? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३१२ मेंदूशास्त्रज्ञांना विचारले गेले. दीर्घकालीन आठवणी मुख्यतः पेशींच्या जोडण्या आणि त्यांची ताकद यांत असतात, हे सुमारे ७० टक्क्यांना मान्य होते. नेमक्या कोणत्या घटकात, यावर मात्र एकमत नव्हते. आणि नीट जपलेल्या मेंदूवरून पुढे कधीतरी त्याची चालती संगणकीय प्रतिकृती करता येण्याची शक्यता किती, या प्रश्नाला आलेल्या उत्तरांचा मध्य ४० टक्क्यांच्या आसपास होता. ही शक्यता ‘कधीतरी’ची आहे, आणि ‘नीट जपलेल्या’ मेंदूची आहे. या दोन शब्दांवर सगळा भार आहे.

वाट फुटते ती इथे

‘नीट जपणे’ म्हणजे काय, यावरच या दोन वाटा फुटतात. रॉबर्ट मॅकिंटायर आणि ग्रेगरी फाही यांनी २०१५ मध्ये एक पद्धत मांडली. थंड करण्याआधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून ग्लुटरअल्डिहाइड हे रसायन सोडायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बरणीत ठेवलेला बेडूक पुष्कळांनी पाहिला असेल, ग्लुटरअल्डिहाइड हे त्याच कुळातले. ते प्रथिनांना एकमेकांशी पक्के बांधून टाकते. मग गोठणरोधक हवे तितक्या सावकाश भरता येते, मेंदू आकसत नाही, जोडण्या जागच्या जागी राहतात. या पद्धतीने जपलेला सशाचा मेंदू २०१६ मध्ये आणि डुकराचा मेंदू २०१८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि ‘ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन’ची पारितोषिके त्याला मिळाली. जपणूक झाली की नाही, हे आजच तपासता येते, ही यातली मोठी गोष्ट. नेहमीच्या क्रायोनिक्समध्ये मेंदूतले पाणी ओढले जाऊन तो आकसतो, त्यामुळे जोडण्या शाबूत आहेत की नाहीत हे पाहणेच अवघड होते.

पण याची किंमत उघड आहे. ग्लुटरअल्डिहाइडने बांधलेला मेंदू हा जैविकदृष्ट्या कायमचा संपलेला मेंदू. तो पुन्हा धडधडत्या रक्तावर जागा होण्याची कल्पनाही करता येत नाही. त्याचा उपयोग एकच, काप काढून वाचणे. म्हणजे ज्याला देहाने परत यायचे आहे, त्याने हे रसायन टाळायला हवे आणि जोडण्या टिकतील की नाही याचा धोका पत्करायला हवा. ज्याला जोडण्यांची खात्री हवी, त्याने देहाची आशा सोडायला हवी. ‘आधी गोठवून ठेवू, पुढे जे जमेल ते करू’ असे जे सांगितले जाते, ते ऐकायला सोयीचे असले तरी खरे नाही.

या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या ‘नेक्टोम’ या कंपनीचा गाजावाजा २०१८ मध्ये झाला. उत्तम परिणामासाठी प्रक्रिया माणूस जिवंत असतानाच सुरू करावी लागेल, म्हणजे ती प्रक्रियाच मृत्यूचे कारण ठरेल, हे कंपनीने लपवले नव्हते. आपला देह सोडायला तयार असलेल्या मरणासन्न रुग्णांचा विचार तिच्या डोळ्यांपुढे होता. टीका झाल्यावर एमआयटी या संस्थेने तिच्याशी असलेला संबंध संपवला. भारतात असा प्रश्न उद्भवायलाही जागा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या अरुणा शानभाग निकालात आणि पुढे २०१८ मध्ये फक्त उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्यास, तोही कडक अटींसह, मान्यता दिली आहे.

‘मी’ म्हणजे नेमके काय?

तांत्रिक अडचणी बाजूला ठेवल्या तरी एक प्रश्न उरतो. क्रायोनिक्स यशस्वी झाले, तर उठून बसणारा माणूस तोच आहे, याबद्दल फारसा वाद होणार नाही. गाढ भूल दिलेला रुग्ण शुद्धीवर यावा, तसेच ते असेल. अपलोडिंगमध्ये तसे नाही. संगणकातील प्रतिकृती तुमच्या आवाजात बोलेल, तुमच्या शाळेच्या आठवणी सांगेल. पण एक प्रत निघाली तर दोनही निघतील. मग त्यातले ‘तुम्ही’ कोण? सातबाऱ्याची नक्कल कितीही हुबेहूब असली, तरी तिच्यामुळे दुसरी जमीन तयार होत नाही.

वेताळपंचविशीत अदलाबदल झालेल्या डोक्यांची एक गोष्ट आहे. पतीचे डोके एका धडावर आणि पतीचे धड दुसऱ्या डोक्याला, अशा वेळी पत्नीचा नवरा कोणता? विक्रमाने डोक्याच्या बाजूने कौल दिला. नुसते डोके जपणारी क्रायोनिक्सची स्वस्त योजनाही नेमके हेच उत्तर गृहीत धरते. पण डोकेही गेले आणि नुसती माहिती उरली, तर कौल काय द्यायचा, हा प्रश्न वेताळाने विचारलेला नाही.

हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. दिवंगतांच्या ध्वनिमुद्रणांवरून आणि संदेशांवरून बोलके संगणकीय पुतळे करून देण्याचा धंदा आताच सुरू झाला आहे. तमिळनाडूत २०१८ मध्ये निधन झालेले करुणानिधी २०२४ च्या निवडणुकीआधी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रफितीतून ‘भाषण’ करताना दिसले. असे पुतळे अधिक चतुर होतील, तसे त्यांना ‘अपलोड केलेले मन’ म्हणण्याचा मोह वाढेल. पण त्यांत मेंदूची एकही जोडणी नसते. ती बोलण्याची नक्कल असते, मनाची नव्हे.

दोन्ही वाटांची तुलना एका वाक्यात करायची तर असे म्हणता येईल: क्रायोनिक्समध्ये यश कशाला म्हणायचे ते ठाऊक आहे, पण तिथवर जाण्याची वाट ठाऊक नाही. अपलोडिंगमध्ये वाटेचे पहिले काही टप्पे दिसतात, पण शेवटी मिळेल त्याला यश म्हणायचे की नाही, तेच ठरत नाही.

पैसे कोण भरणार, राखण कोण करणार?

तिसरा भाग व्यवहाराचा. अल्कोरमध्ये संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक खर्च येतो. मिशिगनच्या संस्थेत मूळ शुल्क २८ हजार डॉलर आहे, पण मृत्यूशय्येजवळ थांबणारे पथक आणि वाहतूक यांचे पैसे वेगळे. बहुतेक जण आयुर्विम्यातून ते भरतात. एवढे करून राखण होईलच असे नाही. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थच्या दफनभूमीतील तळघरात ठेवलेले नऊ देह पैसे संपल्यामुळे वितळून गेल्याचे १९७९ मध्ये उघड झाले. आरंभीच्या दहा वर्षांत गोठवलेल्यांपैकी बेडफर्ड यांचा देह टिकला, कारण त्यांच्या कुटुंबाने तो बराच काळ स्वतःच्या हिमतीवर सांभाळला.

साधा हिशोब करून पाहावा. देह वेळेत आणि नीट जपला जाणे, संस्था शतकभर टिकणे, लागणारे तंत्र निघणे आणि त्या काळच्या लोकांना आपल्याला उठवण्याची इच्छा असणे, अशा चार अटी धरू. प्रत्येकीला उदार मनाने निम्मी शक्यता दिली, तरी चारही जुळून येण्याची शक्यता सहा टक्के उरते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण एकेका अटीवर शक्यता कशी घसरत जाते, हे त्यातून दिसते. प्रौढ माणसाने आपले पैसे अशा जुगारात घालायचे ठरवले, तर तो त्याचा प्रश्न. पण मरणाच्या दारातले मूल आणि हतबल आईबाप यांना हीच गोष्ट ‘शेवटची संधी’ म्हणून विकली जाते, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. लंडनच्या त्या प्रकरणात रुग्णालयाने मृत्यूच्या दिवशीच्या गोंधळाबद्दल न्यायालयाला तीव्र नाराजी कळवली होती. आई मुलीजवळ बसण्याऐवजी पुढच्या तयारीत गुंतलेली होती, हाही त्यातला एक आक्षेप होता. या व्यवहारात शेवटच्या काही तासांची शांतताही खर्ची पडते, ती शुल्कात मोजली जात नाही.

आपल्या पदरात काय?

म्हणून हे सगळे संशोधन फोल म्हणायचे का? मुळीच नाही. अमर होण्याच्या वाटेवर जे सापडते आहे, ते मर्त्य माणसांच्या फार कामाचे आहे. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, मूत्रपिंडाला जेमतेम एक-दीड दिवस मिळतो. मुंबई, पुणे, नागपूर येथे रुग्णवाहिकेसाठी रस्ते मोकळे ठेवण्याची जी धावपळ आपण बातम्यांत पाहतो, ती या घड्याळामुळेच. मिनेसोटाच्या उंदरांत जे जमले, ते माणसाच्या मूत्रपिंडात जमले, तर रक्तपेढीसारखी अवयवपेढी उभी राहू शकेल. अवयव वाया जाणार नाहीत, जुळणी सावकाश आणि नीट करता येईल. देशात २०२३ मध्ये १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते केवळ १,०९९.

मेंदूच्या नकाशांचेही तसेच. मद्रास आयआयटीच्या मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भावस्थेतील मानवी मेंदूच्या ५,१३२ कापांची पेशीपातळीवरील चित्रे जगाला खुली केली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत दान केलेल्या मेंदूंची पेढी १९९५ पासून आहे. यातून कोणी अमर होणार नाही. पण अपस्मार, स्मृतिभ्रंश, बालकांमधील मेंदूविकास यांबद्दल जे कळेल, ते याच पिढीच्या उपयोगी पडेल.

कुणी आपल्याला किंवा आपल्या माणसाला ‘जपून ठेवण्याची’ योजना सांगितली, तर तीन प्रश्न विचारावेत. जपणूक नीट झाली की नाही, हे आज कोण आणि कसे तपासणार? देह परत हवा की फक्त माहिती, यातले तुम्ही काय निवडले आहे? आणि तुमची संस्था बुडाली तर काय? या तिन्हींची स्पष्ट उत्तरे आज कोणत्याही संस्थेकडे नाहीत.

लंडनच्या त्या मुलीने मागितली होती ती अमरता नव्हे, थोडा अधिक वेळ. गोठवलेल्या देहातून किंवा संगणकातून तो मिळेल का, याचे उत्तर आपल्या हयातीत मिळण्याची शक्यता कमी आहे. पण आज मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या प्रतीक्षायादीत असलेल्या कुणाला असा वेळ देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी अवयवदानाचा अर्ज भरावा लागतो आणि घरच्यांना तो भरल्याचे सांगून ठेवावे लागते.